यादीत नसलेले नाव



चालकांनी मला या व्याख्यानमालेचे निमंत्रण दिले तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. संगणकातला डेटाबेस एखाद्या सरळ प्रश्नाचे चुकीचे उत्तर कसे देतो या विषयावर बोलतो, असे मी कळवले. त्यावर चिटणीसांनी पुन्हा एकदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. मी दहावीच्या पुढे शाळेत गेलेलो नाही, आणि सारा जन्म युनियनच्या कामात घालवलेल्या माणसाने संगणकाच्या गोष्टी सांगाव्यात हे थोडे चमत्कारिक वाटणारच. मी या विषयाकडे हौसेने वळलो नाही. एका यादीने मला तिकडे ओढून नेले. ती हकिकत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात हजेरी बक्षिसाचा करार झाला. वर्षभरात दोनपेक्षा अधिक खाडे न करणाऱ्या कामगाराला एक ठराविक रक्कम मिळावयाची होती. वर्ष संपले, यादी फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी पॅकिंग खात्यातील एक बाई युनियनच्या कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, यादीत माझं नाव नाही." मी विचारले, "खाडे किती झाले तुमचे?" त्या म्हणाल्या, "एकसुद्धा नाही."

मी त्यांना घेऊन टाइम ऑफिसात गेलो. तेथील अधिकारी सज्जन होते. त्यांनी आमच्यासमोर यादी पुन्हा काढली. पहिल्यासारखीच आली. "कॉम्प्युटरनं काढलेली यादी आहे, यात कुणाचा हात नाही," असे ते म्हणाले, आणि ते मनापासून बोलत होते. मग मी तेथेच बसून यादीतील एकेका बिल्ला नंबरासमोर खाडे लिहून घेतले. कोणाचा एक खाडा, कोणाचे दोन. शून्य खाड्याचा माणूस त्या यादीत एकही नव्हता.

कारण शोधून काढायला तीन दिवस गेले, आणि सापडले तेव्हा हसावे की रडावे कळेना. खाड्यांचे रजिस्टर संगणकात वेगळे होते. त्यातील एक ओळ म्हणजे एक खाडा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्या रजिस्टरात प्रत्येक बिल्ला नंबराच्या किती ओळी आहेत ते मोजले आणि दोन किंवा कमी ओळी असलेले नंबर उचलले. आता ज्याने खाडाच केला नाही, त्याचा नंबर खाड्यांच्या रजिस्टरात येणार कोठून? वर्षभर पावसापाण्यात, घरी आजारपण असताना, जे एक दिवस चुकले नाहीत तेवढेच नेमके यादीतून गळाले. बाईंना रक्कम मिळाली, पण दिवाळी होऊन गेल्यावर.

ही चूक माणसाची होती हे स्पष्ट सांगितले पाहिजे. यंत्राला जे विचारले त्याचे उत्तर यंत्राने बरोबर दिले. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. आमच्या एका सभासदाची मुलगी पुण्याला संगणकाच्या कामात आहे. तिला मी ही हकिकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "काका, ही चूक फार जुनी आणि मोठी नामांकित आहे. प्रश्न बरोबर विचारला तरीसुद्धा यंत्र आपण होऊन ती करू शकतं." या वाक्याने माझी झोप उडाली. पुढची दोन वर्षे मी तिच्याकडून समजावून घेत घेत जे वाचले, त्यातील काही आपल्यापुढे ठेवतो.

डेटाबेस म्हणजे तक्त्यांचा संग्रह. मस्टर हा एक तक्ता, खाड्यांचे रजिस्टर हा दुसरा, पगारपत्रक हा तिसरा. बँक, रेल्वे, इस्पितळ, भविष्यनिर्वाह निधी, सर्वांचे दप्तर आज असेच असते. पूर्वी या दप्तरातून काही काढावयाचे तर कोणत्या कपाटातून, कोणत्या क्रमाने, कसे काढावयाचे तेही यंत्राला सांगावे लागे. १९७० साली एडगर कॉड या इंग्लंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. विचारणाऱ्याने आपल्याला काय पाहिजे तेवढेच सांगावे, ते कसे शोधावयाचे याची चिंता यंत्राने करावी, असे त्याच्या म्हणण्याचे सार होते. त्याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत त्या दशकात 'सिस्टिम आर' नावाचा डेटाबेस तयार झाला. आज जगभर चालणारी एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा त्याच कामातून आली. वाट यंत्राने कशी निवडावी, हे पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली लिहून दाखवले.

वाट निवडणाऱ्या या भागाला ऑप्टिमायझर म्हणतात. मी त्याला दप्तरदार म्हणतो. जुन्या कचेरीत असा एक माणूस असे. साहेब म्हणणार, "लोहारखात्यातील ज्यांनी गेल्या वर्षी आगाऊ रक्कम उचलली त्यांचे कागद आणा." दप्तरदार आधी मनाशी ठरवणार: लोहारखात्याचा गठ्ठा काढून त्यात उचल पाहावी, की उचलीची वही काढून त्यात लोहारखाते पाहावे? जो गठ्ठा लहान, तेथून तो सुरुवात करणार. साहेबाला याचा पत्ताही नसतो. त्याला फक्त कागद दिसतात.

हे काम क्षुल्लक समजू नका. दहा तक्ते एकमेकांना जोडावयाचे झाले तर ते कोणत्या क्रमाने जोडावेत याच्याच ३६,२८,८०० रीती होतात. एखादी रीत क्षणात उत्तर देईल, एखादी रात्रभर चालेल. म्हणून दप्तरदाराला एक मोठा अधिकार दिलेला असतो. साहेबाचा प्रश्न त्याने आपल्या सोयीप्रमाणे दुसऱ्या शब्दांत मांडला तरी चालते. अट एकच, उत्तर बदलता कामा नये.

दप्तरदार दोन तऱ्हांनी चुकतो. वाट लांबची निवडली तर उत्तर उशिरा येते. ती चूक लपत नाही. लोक खोळंबतात, आरडाओरडा होतो, कोणीतरी दुरुस्त करतो. दुसरी तऱ्हा म्हणजे प्रश्न पुन्हा मांडताना अर्थच बदलणे. तेव्हा उत्तर वेळेवर येते, नीटनेटके येते, पडद्यावर तांबडी अक्षरे उमटत नाहीत, आणि ते उत्तर खोटे असते. आमच्या व्यवसायात याला एक जोड आहे. पगार झालाच नाही तर त्याच दिवशी फाटकावर सभा भरते. दरमहा थोडी रक्कम कमी पडत गेली तर ती पाच वर्षांनी, कोणीतरी जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील तरच, उघडकीस येते.

त्या मुलीने सांगितलेली नामांकित चूक अशी. १९८२ साली वॉन किम या अभ्यासकाने प्रश्नात प्रश्न असलेले प्रश्न लवकर कसे सोडवावेत यावर एक निबंध लिहिला. प्रश्नात प्रश्न म्हणजे कसे? समजा भांडारात सुट्या भागांचा एक तक्ता आहे. भागाचा क्रमांक आणि शिल्लक नग. माल आल्याचा दुसरा तक्ता आहे. भागाचा क्रमांक आणि तारीख. प्रश्न असा: ज्या भागांची शिल्लक १ जानेवारी १९८० पूर्वी आलेल्या खेपांच्या संख्येइतकी आहे, ते भाग सांगा. सरळ रीत अशी की एकेक भाग घ्यावा, दुसऱ्या तक्त्याकडे जावे, त्याच्या खेपा मोजाव्यात, परत यावे आणि ताडून पाहावे. भाग लाखभर असले तर लाख हेलपाटे. किम यांची युक्ती अशी की आवकीच्या तक्त्यातून एकदाच जावे, भागवार खेपा मोजून एक तात्पुरता तक्ता करावा, आणि तो भांडाराच्या तक्त्याशी जोडावा. हेलपाटा एकच. युक्ती देखणी आहे, आणि तिने पुष्कळ प्रश्नांचे काम खरोखरच हलके होते.

१९८४ साली व्हेर्नर कीसलिंग यांनी त्यातील खोट दाखवली, तीही तीन भागांच्या एका चिमुकल्या उदाहरणाने. ते आपण येथेच करून पाहू. भाग क्रमांक ३, शिल्लक ६. खेपा दोन, एक १९७८ ची आणि एक १९७९ ची. भाग क्रमांक १०, शिल्लक १. एक खेप १९७८ ची, दुसरी १९८१ ची. भाग क्रमांक ८, शिल्लक ०. एकच खेप, ती १९८३ ची. आता हाताने मोजा. तीन नंबरच्या १९८० पूर्वीच्या खेपा दोन, शिल्लक सहा, जुळत नाही. दहा नंबरची एक खेप, शिल्लक एक, जुळले. आठ नंबरची १९८० पूर्वी खेप नाही, म्हणजे शून्य; शिल्लकही शून्य, तेही जुळले. उत्तर दहा आणि आठ. किम यांच्या युक्तीने काय होते? १९८० पूर्वीच्या खेपा गोळा केल्या की त्यांत आठ नंबरची ओळच नसते. ओळ नाही म्हणून मोजणी नाही. तात्पुरत्या तक्त्यात 'आठ, शून्य' असे कोणी लिहीतच नाही, आणि जोडताना आठ नंबर निमूटपणे बाहेर पडतो. उत्तर येते फक्त दहा.

हे वाचले तेव्हा मला पॅकिंगच्या बाई आठवल्या. आमच्या कारखान्यात प्रश्न विचारणारा चुकला होता. येथे विचारणाऱ्याने प्रश्न अगदी काटेकोर विचारला आहे, आणि तो दुसऱ्या शब्दांत मांडण्याच्या नियमानेच शून्याला वाट दाखवली.

यातील गंमत अशी की नग मोजण्याऐवजी 'सर्वांत मोठी खेप कोणती' असे विचारले असते तर ही युक्ती बिनबोभाट चालली असती. खेपच नसेल तर सर्वांत मोठी खेप हा रकाना कोरा राहतो, कोऱ्याशी तुलना जुळत नाही, आणि तो भाग सरळ रीतीनेही उत्तरात आला नसता. अडचण मोजणीपुरती आहे, कारण काहीच नसताना मोजणीचे उत्तर कोरे नसून शून्य असते, आणि शून्य ही खरीखुरी संख्या आहे. एवढ्या बारीक फरकावरून एक विद्वान माणूस आणि त्याचा निबंध तपासणारे इतर विद्वान घसरले. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझा मुद्दा एवढाच की हे नियम माणसेच लिहितात. संगणकशास्त्रात या दोषाला 'काउंट बग', म्हणजे मोजणीचा दोष, असे नावच पडले आहे.

उपाय रिचर्ड गॅन्स्की आणि हॅरी वाँग यांनी १९८७ साली नीट मांडला. जोडताना भांडारातील प्रत्येक भाग राखून ठेवावयाचा. त्याच्या जोडीला काही नसेल तर तेथे कोरी जागा सोडावयाची, आणि मोजताना त्या कोऱ्या जागेचे शून्य धरावयाचे. आमच्या भाषेत सांगावयाचे तर मोजणी मस्टरपासून सुरू करा, खाड्यांच्या रजिस्टरापासून नको. मस्टरवर सर्वांची नावे असतात.

आता शून्यानंतर कोऱ्याकडे वळू, कारण दप्तरदार अडखळण्याची दुसरी आवडती जागा ती आहे. तक्त्यात एखादा रकाना कोरा असतो, म्हणजे तेथे काय लिहावे हे ठाऊक नसते. माणूस वर्षाच्या मध्यावर ठेकेदाराकडून कायम झाला आणि रुजू होण्याची तारीख कोणी भरलीच नाही. असे कोरे रकाने मी रोज पाहतो. एसक्यूएलमध्ये कोऱ्याशी तुलना केली की उत्तर 'होय'ही येत नाही आणि 'नाही'ही येत नाही, 'ठाऊक नाही' असे तिसरेच येते. दोन उत्तरांवर वाढलेल्या आपल्या मनाला तिसऱ्याचे भान सदोदित राहणे कठीण, आणि नियम लिहिणाऱ्यांचे मनही आपल्यासारखेच असते.

एसक्यूएलाइट नावाचा एक लहान डेटाबेस आहे. त्याची पहिली आवृत्ती २००० साली निघाली. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात मोबाइल आहे, त्यांच्या खिशात तोही आहे. त्याच्या चाचण्या फार कसोशीने होतात अशी त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. त्यात २०१३ साली एक सोय आली: सूची करताना तक्त्यातील सर्व ओळी न घेता निवडक ओळींचीच सूची करावी. समजा एका रकान्यात शून्य, एक, दोन, तीन आणि एक कोरी जागा अशा पाच ओळी आहेत, आणि जी सूची केली ती कोरी ओळ वगळून केली. आता विचारले, "जे एक नाही ते सर्व दाखवा." हा प्रश्न विचारण्याची त्या डेटाबेसात एक रीत अशी आहे की तिच्यात कोरी जागाही 'एक नाही' यातच मोडते. तेव्हा उत्तर शून्य, दोन, तीन आणि कोरी ओळ असे यावयास हवे. दप्तरदाराने विचार केला की 'एक नाही' म्हणजे काहीतरी लिहिलेले असणारच. मग मोठा गठ्ठा कशाला उघडा, सूची पुरे. त्याने शून्य, दोन, तीन दिले. कोरी ओळ गेली. हा दोष काही वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही.

तो सापडला कसा, हा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो. झुरिच येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठात मॅन्युएल रिगर आणि झेन्डाँग सू या दोघांनी अशा मुक्या चुका धरण्याच्या तीन रीती काढल्या आणि २०२० साली प्रसिद्ध केल्या. मुकी चूक धरण्यात अडचण ही की खरे उत्तर काय ते आधी ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक असते तर यंत्राला विचारलेच कशाला असते?

पहिली रीत अशी. तक्त्यातील कोणतीही एक ओळ निवडावयाची, आणि प्रश्न मुद्दाम असा रचावयाचा की ती ओळ उत्तरात आलीच पाहिजे. आली नाही की चोर सापडला. संपूर्ण यादी बरोबर आहे की नाही हे कोणी तपासत नाही, एका नावावर पाळत ठेवतात. वरचा कोऱ्या ओळीचा दोष असाच धरला गेला. आमच्या बाईंनी यापेक्षा वेगळे काय केले होते? यादीत दुसऱ्या कोणाचे काय चुकले हे त्यांना ठाऊक नव्हते. आपले नाव असावयास हवे एवढेच पक्के ठाऊक होते.

दुसऱ्या रीतीत दप्तरदाराला बाजूला बसवतात. आधी नेहमीप्रमाणे विचारावयाचे, "अमुक अट पुरी करणाऱ्या ओळी दे." मग तोच प्रश्न फिरवून, "प्रत्येक ओळ माझ्यासमोर धर आणि अट पुरी होते की नाही ते सांग." दुसऱ्या वेळी प्रत्येक ओळ पाहणे भागच असते, जवळची वाट घेण्यास जागा राहत नाही. मग 'होय' किती आले ते मोजून पहिल्या उत्तराशी ताडावयाचे. एसक्यूएलाइटमध्येच एका तक्त्यात एकुलती एक ओळ होती, उणे एक. "वजा चिन्हाने सुरू होणारे दाखव," म्हटल्यावर त्याने काहीच दाखवले नाही. "ही ओळ वजा चिन्हाने सुरू होते का?" असे विचारल्यावर तोच म्हणाला, होय. सूचीत अंकांचा कप्पा वेगळा आणि अक्षरांचा वेगळा असतो. दप्तरदाराने वजा चिन्ह अक्षरांच्या कप्प्यात शोधले आणि उणे एक बसला होता अंकांच्या कप्प्यात. या एका रीतीने एसक्यूएलाइट, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल आणि कॉक्रोचडीबी या चार डेटाबेसांत आधी कोणाला ठाऊक नसलेले १५९ दोष निघाले. त्यांतील ५१ दोष दप्तरदाराच्या अशा लबाडीचे (लबाडी हा शब्द माझा, तो बिचारा लबाड नाही, उतावळा आहे), आणि उरलेले दोष यंत्र बंद पडण्याचे किंवा भलतीच तक्रार दाखवण्याचे होते.

तिसरी रीत तर आपण प्रत्येक साधारण सभेत वापरतो. ठरावाच्या बाजूने किती, विरुद्ध किती, तटस्थ किती. तिघांची बेरीज हजर सभासदांइतकी भरली पाहिजे. त्याप्रमाणे अट पुरी करणाऱ्या ओळी, न करणाऱ्या ओळी, आणि 'ठाऊक नाही' अशा ओळी वेगवेगळ्या मागावयाच्या आणि त्यांची बेरीज तक्त्यातील एकूण ओळींशी जुळते का पाहावयाचे. बेरीज कमी भरली तर कोणीतरी मध्येच गळाला आहे.

या रीतींनीही सर्व काही सापडते असे नाही. दोन्ही बाजूंनी विचारताना यंत्र एकाच प्रकारे चुकले तर ताडून पाहण्याचा उपयोग होत नाही. शिवाय जे दोष सापडतात ते त्या डेटाबेसांचे कर्ते बहुतांशी दुरुस्त करतात, आणि ज्या प्रश्नांवर रोज कोट्यवधी लोकांचे व्यवहार चालतात ते साधे प्रश्न बहुधा बरोबरच सुटतात. 'कॉम्प्युटरचा घोटाळा' असे म्हणून टेबलावर मूठ आपटणारे आमचे काही पुढारी आहेत. त्यांच्याशी माझे पटत नाही. दहापैकी नऊ वेळा घोटाळा प्रश्न विचारणाऱ्याचा निघतो, हा माझा अनुभव आहे. परंतु "यात कुणाचा हात नाही" हे वाक्यही मी आता ऐकून घेत नाही. हात असतो, तो कोठे लागला एवढाच प्रश्न असतो.

बाईंच्या प्रकरणानंतरच्या करारात आम्ही एक कलम घालावयास सांगितले. संगणकाने काढलेल्या प्रत्येक यादीखाली चार आकडे छापावेत: मस्टरवरील एकूण कामगार, यादीत आलेले, यादीत न आलेले, आणि ज्यांच्या नोंदीचा एखादा रकाना कोरा असल्यामुळे निर्णयच होऊ शकला नाही असे. पहिले तीन आकडे व्यवस्थापनाने मान्य केले. पहिल्या वर्षी बेरीज दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा यादी परत गेली. चौथ्या आकड्याला त्यांची हरकत आहे. आमच्या दप्तरात कोरा रकाना नाहीच, असे ते म्हणतात. पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. रुजू होण्याची तारीख नसलेल्या सतरा कामगारांचे बिल्ला नंबर मी एका कागदावर उतरवून घेतले आहेत, आणि तो कागद घेऊन मी बैठकीला जाणार आहे.